आमच्या जहाजांचे माहेर : मुंबईची गोदी

स्मरणिका म्हटली की तीत ‘संस्थेचा इतिहास’ हवाच. आमच्या मंडळाचा इतिहास सचिवांनी अहवालात दीड पानात आटोपला आहे आणि खरे सांगायचे तर तो तेवढाच आहे. नारायण पेठेतल्या एका जुन्या वाड्याच्या माडीवर जमणारी, नोकरी-संसार सांभाळून जहाजांच्या प्रतिकृती करणारी मूठभर माणसे. वर्गणी, प्रदर्शने आणि जागेच्या भाड्याची दरवर्षीची ओढाताण. त्यावर आणखी पाने भरायची तर सत्काराचे फोटो छापावे लागतील. म्हणून संपादकांशी थोडी हुज्जत घालून मी दुसऱ्याच संस्थेचा इतिहास लिहायला घेतला. आमच्या टेबलावरची निम्मी जहाजे जिथे मुळात बांधली गेली, त्या मुंबईच्या गोदीचा.

प्रदर्शनात कोणी ना कोणी विचारतेच, की पुण्यात समुद्र कुठे आहे? नाही, हे खरे. पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडले की भिडे पूल बुडतो, एवढाच आमचा भरतीशी संबंध. पण समुद्राचे निर्णय समुद्राकाठीच होतात असे थोडेच आहे? मराठ्यांच्या आरमाराचे नशीब ठरले ते आमच्या पेठेपासून चालत जाता येईल अशा शनिवारवाड्यातून. आणि १९०६ मध्ये तुतिकोरीनच्या चिदंबरम पिळ्ळै यांनी ब्रिटिश कंपनीशी टक्कर घेणारी स्वदेशी आगबोट कंपनी काढली, तेव्हा ते ज्यांना गुरू मानत ते लोकमान्य याच नारायण पेठेत, गायकवाड वाड्यात राहत होते. ‘गॅलिया’ आणि ‘लावो’ ही त्या कंपनीची दोन जहाजे. त्यांच्या प्रतिकृती आमच्यापैकी कोणी अजून हाती घेतलेल्या नाहीत. घ्यायला हव्यात.

गोदीकडे जाण्याआधी आंग्र्यांकडे जाणे भाग आहे, कारण गोदीचे महत्त्व त्याशिवाय कळत नाही.

मराठ्यांच्या आरमाराचा सरदार तुळाजी आंग्रे नानासाहेब पेशव्यांना जुमानेना, तेव्हा पेशव्यांनी मुंबईकर इंग्रजांना हाताशी धरले. एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर विल्यम जेम्सने सुवर्णदुर्ग पाडाव केला. पुढच्या फेब्रुवारीत अ‍ॅडमिरल वॉटसन आणि क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. त्यांच्या तोफांचा एक गोळा बंदरातल्या ‘रेस्टोरेशन’वर पडला. हे जहाज मूळचे ईस्ट इंडिया कंपनीचेच, आंग्र्यांनी काही वर्षांपूर्वी पकडून आणलेले. ते पेटले आणि त्याच्या शेजारी एकमेकींना बांधून ठेवलेल्या लढाऊ गुराबा एकामागून एक पेटत गेल्या. कान्होजींपासून उभे राहिलेले आरमार एका दुपारी संपले. तुळाजी काही साधुपुरुष नव्हता आणि पेशव्यांची चीडही समजण्यासारखी होती. तरी स्वतःच्या किनाऱ्याचे कुंपण शेजाऱ्याकडून जाळून घेण्याला राजकारण म्हणायला माझे मन धजत नाही. जेम्सच्या पत्नीने नवऱ्यामागे १७८४ मध्ये लंडनच्या शूटर्स हिलवर ‘सेव्हर्नड्रूग कॅसल’ नावाचा तिकोनी मनोरा बांधला. म्हणजे सुवर्णदुर्गाच्या पाडावाचे स्मारक लंडनमध्ये आजही उभे आहे. ज्या शहरातून त्या मोहिमेला संमती गेली तिथे साधी पाटीही नाही.

आता आमची अडचण. आंग्र्यांची गुराब करायची म्हटली तर करायची कशावरून? इंग्रज इतिहासकार रॉबर्ट ऑर्म याने केलेले वर्णन हा आमचा मोठा आधार. तो सांगतो की गुराब दीडशे ते तीनशे टनांची, दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, पाण्यात कमी बुडणारी, लांबीच्या मानाने चांगलीच रुंद. पुढच्या टोकाला चोचीसारखा लांब भाग आणि त्याच्यावरून समोर मारा करणाऱ्या दोन तोफा. गलबत त्याहून लहान, फार तर सत्तर टनांचे, चाळीस-पन्नास वल्ह्यांचे, आणि काहींचा वरचा तक्ता चिरलेल्या बांबूचा. बांबूच्या तक्त्याचा हा तपशील वाचला की प्रतिकृती करणाऱ्याचे हात शिवशिवतात. पण पाण्याखालचे पोट कसे होते? किती गोल, किती निमुळते? ऑर्म तिथे गप्प आहे. युरोपीय चित्रकारांनी विजयदुर्गाच्या लढाईची चित्रे काढली, त्यांत आहे तो धूर. आमच्या कपाटातल्या गुराबा शेजारी शेजारी ठेवल्या तर एकीचे पोट दुसरीला जुळत नाही. ज्याने त्याने आपल्या अंदाजाने ते भरलेले आहे.

गंमत अशी की आपण राहतो ते शहर कागदांचे. पेशवे दफ्तर इथे, भारत इतिहास संशोधक मंडळ इथे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात आरमारावर स्वतंत्र प्रकरण आहे. जहाजासाठी लाकूड कुठून आणावे, रयतेने लेकरासारखी वाढवलेली आंबा-फणसाची झाडे का तोडू नयेत, तोडायचेच तर धन्याला राजी करून, मोल देऊन जुने झाड कसे घ्यावे, सगळे नीट सांगितले आहे. राज्यकर्त्याने झाडाविषयी इतके जबाबदारीने लिहिलेले दुसरे पान मी तरी वाचलेले नाही. गजानन मेहेंदळे आणि संतोष शिंत्रे यांच्या ‘शिवछत्रपतींचे आरमार’ या ग्रंथात अशा साधनांचा भक्कम आधार एकत्र मिळतो. मात्र मापे टाकून काढलेला गुराबेचा एकही मराठी नकाशा आमच्या पाहण्यात आलेला नाही.

कारण अज्ञान नव्हे. विजयदुर्गाजवळ गिर्ये येथे आंग्र्यांनी खडकात खोदलेली गोदी आजही दिसते. सुमारे ३५५ फूट लांब आणि २२७ फूट रुंद. एवढे काम करणाऱ्यांना रेघ ओढता येत नव्हती असे म्हणणे हास्यास्पद होईल. त्यांना नकाशाची गरजच नव्हती. बांधणारा मिस्त्री, लाकूड आणणारा आणि जहाज वापरणारा सरदार एकाच खाडीच्या काठावर उभे असत. काही शंका आली तर समोर जाऊन बोट दाखवायचे. माप मिस्त्रीच्या हातात, बापाकडून मुलाकडे आलेले. शिवाजी महाराजांनी आरमार उभारायला घेतले तेव्हा रुई लेताँव व्हिएगस आणि त्याचा मुलगा फेर्नाव हे पोर्तुगीज कारागीर कामावर होते. १६५९ मध्ये ते पळून वसईला गेले, तेव्हा त्यांच्या डोक्यातले सगळे त्यांच्याबरोबर गेले. हातातली विद्या अशी जाते. मागे कागद राहत नाही.

मुंबईच्या गोदीचे याच्या अगदी उलट झाले.

१७३० च्या दशकात ईस्ट इंडिया कंपनीला मुंबईत जहाजे बांधायची होती. सुरतेला कंपनीच्या एका जहाजाच्या कामावर लवजी नसरवानजी वाडिया हा तरुण पारशी मुकादम होता. तो आपले सुतार घेऊन १७३६ च्या सुमारास मुंबईला आला. १७५० मध्ये इथे पहिली कोरडी गोदी तयार झाली, आशियातली पहिली म्हणून तिचे नाव घेतात. १७६२ आणि १७६५ मध्ये आणखी दोन. तारखा जरा लक्षात ठेवून पाहा. गिर्येच्या गोदीत आंग्र्यांच्या गुराबा चढत होत्या तेव्हाच, त्याच किनाऱ्यावर, लवजीही फळ्या ठोकत होता. साग दोघांचाही सह्याद्री-मलबारचा. कारागिरीत फार फरक असेल असे मला वाटत नाही. फरक होता गिऱ्हाइकात. लवजींच्या घराण्याचे गिऱ्हाईक लंडनला बसलेले. जहाजाने महिनोन् महिने लांब, आणि स्वभावाने संशयी. त्याला प्रत्येक फासळीचे माप, प्रत्येक खिळ्याचा हिशेब कागदावर हवा असे. गोदीचे नकाशे राहिले ते त्या अंतरामुळे आणि त्या अविश्वासामुळे, आणि त्या जोरावर आम्ही नारायण पेठेत बसून दोनशे वर्षांपूर्वीचे जहाज इंचाच्या अष्टमांशापर्यंत बरोबर करू शकतो.

लवजी १७७४ मध्ये वारले. चार दशके कंपनीची जहाजे बांधूनही त्यांनी मागे फारसे काही ठेवले नाही असे त्यांच्याविषयी सांगतात. धंदा मात्र घरात राहिला. नातू जमशेटजी बमनजी यांच्या हातून १९ जून १८१० रोजी ‘मिंडेन’ पाण्यात उतरले; ७४ तोफांचे, ब्रिटिश नौदलासाठी ब्रिटनबाहेर बांधलेले पहिले मोठे लढाऊ जहाज. ग्रीनिचच्या संग्रहालयात जमशेटजींचे तैलचित्र आहे. डोक्याला पगडी, अंगात पांढरा जामा आणि हाताशी जहाजाचा नकाशा. चित्रकाराला नेमके कळले होते की या माणसाची ओळख कशाने पटेल.

मग रांगच लागली. १८१३ चे ‘कॉर्नवॉलिस’, ज्याच्यावर १८४२ मध्ये चीनबरोबरचा नानकिंगचा तह झाला. १८१५ चे ‘वेलस्ली’, जे १९४० मध्ये जर्मन विमानांच्या बाँबहल्ल्यात टेम्स नदीत बुडाले. सव्वाशे वर्षांचे लाकडी जहाज दुसऱ्या महायुद्धात कामी आले. १८२४ चे ‘एशिया’, नॅव्हरिनोच्या लढाईत ब्रिटिश अ‍ॅडमिरलचे निशाण मिरवणारे. यादी लांब आहे. रतनजी अर्देशीर वाडिया यांनी १९५५ मध्ये गोदीवर आणि वाडिया बांधकाऱ्यांवर जाडजूड इंग्रजी ग्रंथ लिहिला, त्यात ती सापडेल. मला थांबायचे आहे ते १८१७ च्या ‘ट्रिंकोमली’पाशी, कारण आमच्या छंदातले सगळे काही त्या एका जहाजात आहे.

‘ट्रिंकोमली’ ‘लेडा’ जातीचे, म्हणजे मुळात फ्रेंचांकडून पकडलेल्या ‘एबे’ या जहाजावरून बेतलेले. त्याचे नकाशे लंडनहून मुंबईला निघाले ते ‘जावा’ या जहाजावरून. डिसेंबर १८१२ मध्ये ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या ‘कॉन्स्टिट्यूशन’ने ‘जावा’ला गाठले आणि संपवले, नकाशेही त्याबरोबर गेले. लंडनला दुसऱ्या प्रती काढाव्या लागल्या. काम तेवढे लांबले. पण दुसरी प्रत निघू शकली, कारण पहिली कुठेतरी जपलेली होती. नकाशे बुडवणारे ते ‘कॉन्स्टिट्यूशन’ बोस्टनला अजून तरंगते आहे आणि त्या नकाशांवरून उशिरा बांधलेले ‘ट्रिंकोमली’ही तरंगते आहे. दोन्ही आज संग्रहालये.

१८१६ मध्ये पठाण घातला, म्हणजे कणा बसवला. पारशी रिवाजाप्रमाणे त्यात चांदीचा खिळा ठोकला. १२ ऑक्टोबर १८१७ ला जहाज पाण्यात उतरले. खर्च सुमारे २३ हजार पौंड. पुढच्या वर्षी ते इंग्लंडकडे निघाले, १८१९ मध्ये पोर्ट्‌समथला पोचले, आणि पोचले तेव्हा लढायला कोणी उरलेच नव्हते! नेपोलियन सेंट हेलेनाला बसला होता. मग पंचवीस-सव्वीस वर्षे ते नुसते बांधून ठेवले. इंग्लिश ओकचे जहाज असते तर कदाचित तेवढ्यात कुजून गेले असते. मलबारी साग तेलकट. त्याला पाण्याचे फार काही वाटत नाही.

आता टेबलाकडे येतो. ‘लेडा’ जातीच्या जहाजाचा तोफांचा मजला दीडशे फूट, रुंदी चाळीस फुटांच्या आसपास. आम्ही बहुधा १:९६ हे प्रमाण घेतो, म्हणजे एका फुटाला अष्टमांश इंच. दीडशे फुटांचे होतात पावणेएकोणीस इंच, चाळीसचे पाच. पेठेतल्या घरात टीव्हीच्या शेजारी मावते आणि घरच्यांचा रागही मावतो. नकाशात जहाज तीनदा दिसते : बाजूने, वरून, आणि पावाच्या लाद्या कापाव्यात तसे आडव्या छेदांत. प्रतिकृती उभी राहते ती या तिसऱ्या चित्रावर. एकेक छेद प्लायवर उतरवायचा, लेस सॉने कापायचा, कण्यावर खाचेत बसवायचा, आणि सगळे छेद एका रेषेत आहेत ना हे दोरा ताणून पाहायचे. एक फासळी अर्धा मिलिमीटर वर राहिली तर पुढे फळी बसवताना तिथे फुगवटा येतो आणि तो कितीही काचकागद मारला तरी जात नाही.

फळ्यांचे काम सर्वात वेळखाऊ. पट्टी गरम पाण्यात भिजवायची, सोल्डरिंगच्या गरम इस्त्रीवर हळूहळू वाकवायची, आणि नाळेकडे जाताना तिची रुंदी कमी करत न्यायची. तिथे जागा कमी, फळ्या तितक्याच. नवशिके सरळ पट्टी बसवत जातात; चौथ्या-पाचव्या फळीला ती आपोआप वर चढते आणि मग पुढे त्रिकोणी तुकडे कोंबावे लागतात. मुंबईच्या सुतारांनी हे दीडशे फुटांवर केले, तेही फळीच्या कडेत खाच पाडून, कापूस भरून.

लोकांना वाटते सागाच्या जहाजाची प्रतिकृती सागाचीच हवी. आम्हीही सुरुवातीला रविवार पेठेतून सागाच्या पट्ट्या चिरून आणत असू. पण लाकडाचा रेषा प्रमाणात लहान होत नाही. सागाचा ठसठशीत रेषा १:९६ मध्ये दिसला की ती फळी राहत नाही, चहाचा ट्रे होते. त्याऐवजी हेदूचे लाकूड घ्यावे. पिवळसर, घट्ट, रेषा इतका बारीक की नखभर तुकड्यावरही कोर सरळ राहते. पूर्वी शाळेतल्या पट्ट्या याच लाकडाच्या असत. डोलकाठ्यांच्या दोऱ्यांचेही तसेच. बाजारचा सुती दोरा केसाळ दिसतो. मेण चोळून, ज्योतीवरून झर्रकन ओढून त्याची लव जाळावी लागते. 

पुन्हा गोदीकडे. वाडियांनी पुढचे ओळखले नव्हते असे नाही. १८३८ मध्ये घराण्यातले जहांगीर नवरोजी आणि हिरजीभाई मेरवानजी इंग्लंडला जाऊन चॅथमच्या गोदीत जहाजबांधणी शिकले आणि १८४१ मध्ये त्यांनी तिथल्या मुक्कामावर इंग्रजीत पुस्तकही छापले. त्याच वर्षी त्यांच्याच घराण्यातले अर्देशीर खुर्शेदजी लंडनच्या रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय सदस्य झाले. ते वाफेच्या इंजिनाचे जाणकार. पण लोखंडी आगबोट इंग्लंडात स्वस्त पडू लागली होती आणि नव्या बोटी इथे बांधू द्यायच्या की नाही हे लंडनला ठरत होते. गोदी हळूहळू दुरुस्तीची झाली. नंतर कंपनीची गेली, सरकारची झाली, आज भारतीय नौदलाची आहे.

‘ट्रिंकोमली’ वाचले कसे, हे मात्र नीट सांगायला हवे. मधल्या काळात ते वेस्ट इंडीज आणि पॅसिफिकला काम करून आले, मग राखीव खलाशांच्या प्रशिक्षणाला बांधले गेले, आणि १८९७ मध्ये चक्क भंगारात विकले गेले. त्याच वर्षी व्हीटली कॉब नावाच्या एका हौशी श्रीमंताचे ‘फुद्रोयाँ’ हे प्रशिक्षणाचे जहाज ब्लॅकपूलच्या किनाऱ्यावर वादळात फुटले होते. कॉबला दुसरे हवे होते. त्याने हे घेतले, त्याला जुन्याचे नाव दिले आणि मुलांना शिकवणे चालू ठेवले, ते थेट १९८६ पर्यंत. नंतर ते हार्टलपूलला नेले. १९९० पासून २००१ पर्यंत जीर्णोद्धार चालला. १९९२ मध्ये मूळ नाव परत मिळाले. दुरुस्ती करणाऱ्यांना कुठली फळी मूळची, कुठली नंतरची हे सांगता आले, कारण जुने नकाशे आणि हिशेब होते. दोनशे वर्षांत या जहाजाला एक दिवसही असा आला नाही की ज्या दिवशी त्याला मालक नव्हता. काम कमी होते, पैसे कमी होते, पण ते कोणाचे तरी होते.

आता आपल्याकडचे पाहा. ‘विक्रांत’ ही विमानवाहू नौका १९६१ मध्ये नौदलात आली, १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात लढली, ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली. २००१ पासून ती मुंबईत संग्रहालय म्हणून लोकांना पाहायला मिळू लागली. २०१२ मध्ये सुरक्षिततेच्या कारणाने ते बंद झाले. राज्याकडे पैसा नाही, नौदलाकडे जागा नाही, खासगी कोणी पुढे येईना. शेवटी सुमारे ६० कोटींना लिलावात विकली गेली. न्यायालयात जाऊनही ती वाचली नाही. २०१४ च्या नोव्हेंबरात दारूखान्याला तिला तोडायला सुरुवात झाली. तिच्या पोलादाचा काही भाग पुण्याच्या बजाज ऑटोने घेतला आणि २०१६ मध्ये त्यातून ‘व्ही’ ही मोटारसायकल काढली. पुण्याच्या रस्त्यांवर युद्धनौकेचे तुकडे सिग्नलला उभे असतात, हे ज्यांना ठाऊक आहे त्यांनाच ठाऊक. मला त्या मोटारसायकलीचा राग नाही. वितळून सळ्या होण्यापेक्षा ते बरे. राग आहे तो पंधरा वर्षे ‘जतन करू’ म्हणत राहून ती जबाबदारी कोणा एकाच्या नावावर न लिहिण्याचा. पोलादी जहाज खाऱ्या पाण्यात नुसते उभे केले तर ते रोज झिजते. त्याला ठरावीक वर्षांनी कोरड्या गोदीत घ्यावेच लागते. संग्रहालयाचे तिकीट त्या खर्चाला क्वचितच पुरते.

दुसरी विमानवाहू नौका ‘विराट’, तिचे त्याहून झटपट झाले. २०१७ मध्ये निवृत्ती, २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाची ८५२ कोटींच्या सागरी संग्रहालयाला मंजुरी, आणि २०२० मध्ये अलंगच्या भंगार किनाऱ्याकडे प्रस्थान. त्यानंतर शहाणपण आले ते असे की मोठे जमत नाही तर लहान सांभाळावे. कल्याणला दुर्गाडी किल्ल्यापाशी, जिथे शिवाजी महाराजांच्या आरमाराची सुरुवात झाली असे मानतात, तिथे ‘टी-८०’ ही नौदलातून निवृत्त झालेली छोटी वेगवान नौका जमिनीवर आणून ठेवली. ‘गुलदार’ ही २०२४ मध्ये निवृत्त झालेली नौका सिंधुदुर्गात निवतीजवळ समुद्रात बुडवून पाण्याखालचे संग्रहालय करायचे असे ठरले. जहाज जपण्यासाठी बुडवायचे, ही कल्पना आधी मला विचित्र वाटली. पण रंग आणि निविदा या दोघांपासून ते तिथे सुरक्षित राहील हेही खरे.

हे सगळे पाहून व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटींची आठवण होते. १९७१ मध्ये ‘कामोर्टा’चे कप्तान, वीरचक्राचे मानकरी. त्यांनी १९७८ मध्ये मुंबईत मॅरिटाइम हिस्टरी सोसायटी सुरू केली. जहाजाआधी जहाजाची नोंद ठेवणारी संस्था हवी, हे त्यांना फार आधी कळले होते. निवृत्तीनंतर ते फलटणजवळ विंचुर्णीला राहायला गेले. समुद्रापासून आमच्या पेठेहूनही लांब. शिडाच्या होडीतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करण्याची नौदलाची मोहीम त्यांनीच उभी केली. २०१८ मध्ये ते गेले.

आणि आता एक ताजी गोष्ट, जी आम्हा प्रतिकृतीवाल्यांना बळ देणारी आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रात एक जहाज रंगवलेले आहे. नकाशा नाही, मापे नाहीत, नुसते चित्र. त्यावरून पाचव्या शतकातल्यासारखे, खिळ्यांऐवजी काथ्याच्या दोरीने फळ्या शिवलेले जहाज बांधायचे ठरले. आधी चित्रावरून आराखडा काढला. मग त्याची लहान प्रतिकृती करून आयआयटी मद्रासमध्ये पाण्यात तपासली. त्यानंतर गोव्याच्या होडी इनोव्हेशन्सच्या कारखान्यात, केरळच्या बाबू शंकरन यांच्या हाताखालच्या कारागिरांनी प्रत्यक्ष जहाज शिवले. चौकोनी शिडे, सुकाणूऐवजी मोठी वल्ही, इंजिन नाही. मे २०२५ मध्ये कारवारला ‘कौंडिण्य’ नावाने ते नौदलात दाखल झाले आणि डिसेंबरच्या अखेरीस पोरबंदरहून निघून जानेवारी २०२६ मध्ये मस्कतला पोचले. प्रतिकृती म्हणजे दिवाणखान्यातली शोभा, असे म्हणणाऱ्या नातेवाइकांना मी आता हे उदाहरण देतो. इथे आधी प्रतिकृती झाली, मग जहाज. आणि आता त्या जातीच्या जहाजाचा नकाशाही झाला आहे.

गुराबेचे तसे करता येईल का? येईल, पण त्यासाठी आज कोकणात जे लाकडी मचवे, पडाव, होड्या शिल्लक आहेत त्यांची मापे आधी हवीत. त्यांच्या पोटाचा गोलावा जुन्या मिस्त्रींच्या हातातून आलेला आहे, आणि फायबरच्या होड्यांपुढे ते हात थांबत चालले आहेत. आपल्या वाचकांपैकी कित्येकांचे मूळ घर रत्नागिरी-सिंधुदुर्ग-रायगडात आहे. त्यांना एवढेच सांगणे : गावच्या खाडीत जुनी लाकडी होडी फोडायला काढत असतील तर एक दिवस थांबवा. कण्याची लांबी, मधली रुंदी, उंची लिहून घ्या. दर दोन फुटांवर आतून ओळंबा सोडून कडेपर्यंतची अंतरे मोजा. फोटो काढताना शेजारी मीटरची पट्टी धरा आणि ती बांधणाऱ्या मिस्त्रीचे नाव-गाव विचारा. घरच्या फडताळात बंदराचे, लाकूड खरेदीचे किंवा तांडेलांच्या पगाराचे मोडी कागद असतील, तर रद्दीत घालण्यापूर्वी आम्हाला किंवा भारत इतिहास संशोधक मंडळाला दाखवा. ते वाचता येत नसले तरी आणा.